कोल्हापुरीची नक्षी सुटली तर?



गणपती जवळ आले की आपल्या सिंगापूरच्या घरांतल्या बॉम्ब शेल्टरमधून फेटे, नऊवारी आणि कोल्हापुरी चपला बाहेर निघतात. गेल्या वर्षी ऐन लेझीमच्या दिवशी माझ्या चपलेच्या पट्ट्यावरची जाळीची नक्षी सुटली. घाईघाईत झटपट चिकटणारा गोंद लावला. तो भोकांतून वर आला, काचेसारखा कडक झाला आणि चार पावलांत पट्टाच तडकला. सासऱ्यांनी लग्नात दिलेली जोडी होती हो ती! पुढे सुट्टीत कोल्हापूरला एका कारागिरांजवळ बसून नीट समजून घेतलं, तेच इथे देते आहे.

बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं हे चामडं हवेतला ओलावा शोषतं. इथली आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर, म्हणून चामडं फुगतं, मऊ पडतं आणि नुसत्या गोंदावरची नक्षी सुटते. जुने कारागीर खिळा न वापरता चामड्याच्या वादीने शिवतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. गोंद नक्षी जागेवर धरून ठेवतो, ताण मात्र टाकाच सोसतो.

घरी करायचं असेल तर:

१. चप्पल सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवा. उन्हात नको, चामडं आकसतं. बुरशी कोरड्या फडक्याने पुसा.

२. जुना गोंद खरवडून दोन्ही बाजू पॉलिश पेपरने किंचित खरखरीत करा. गुळगुळीत चामड्यावर गोंद धरत नाही.

३. जाळीतून दिसणारा रंगीत थर आधी खाली बसवा.

४. रबर सोल्युशन दोन्ही बाजूंना अगदी पातळ लावा, भोकांच्या कडा सोडून. खिडक्या उघड्या ठेवा. १०-१५ मिनिटांनी, बोटाला चिकटेनासं झालं की नेमकं जागेवर ठेवून दाबा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, बरं का!

५. मेण लावलेल्या दोऱ्याला दोन्ही टोकांना सुया ओवून, जुन्याच भोकांतून दोन्ही बाजूंनी शिवा. नवी भोकं पाडली तर पट्टा कमजोर होतो.

२०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळवून देणारे हात तिकडे आहेत. जोडी जपणं आपल्या हातात आहे.

मग, काढताय ना खोका बाहेर? मिरवणुकीच्या आदल्या रात्री नको, आजच!