यंत्रमानव आधी कुठे उभा करायचा?

पॉवर प्रेसवरचा कामगार पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवतो, पायाने पेडल दाबतो, ठोका पडला की तयार भाग काढतो आणि पुढचा तुकडा उचलतो. आठ तासांच्या पाळीत हे हजारो वेळा घडते. त्यात एकदा जरी हात निघायला उशीर झाला, तरी बोट जाते. चाकणच्या मोठ्या मोटार कारखान्यांत गाडीच्या सांगाड्याचे वेल्डिंग रोबो करतात. त्याच गाडीचे बारीकसारीक भाग पुरवणाऱ्या छोट्या शॉपमध्ये मात्र प्रेसला पत्रा अजून हातानेच भरवला जातो. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतातल्या कारखान्यांत ८,५१० नवे रोबो बसले, चीनमध्ये सुमारे पावणेतीन लाख. आपल्याकडचे आकडे आता वाढतच जाणार. पण रोबो घेताना मालक सहसा एकच हिशेब मांडतो, तो म्हणजे किती माणसे कमी होतील याचा. हा हिशेब कामगाराला तर महाग पडतोच, मालकालाही पडतो. कोणते काम यंत्राकडे द्यायचे हे त्या कामातला धोका आणि त्यातले कसब पाहून ठरले पाहिजे आणि ठरवताना ते काम करणारा माणूस समोर हवा.

याचा पुरावा अमेरिकेच्या मोटार उद्योगात सापडतो. ऐंशीच्या दशकात जनरल मोटर्सने ऑटोमेशनवर अब्जावधी डॉलर ओतले. १९८५ मध्ये सुरू झालेला डेट्रॉइटजवळचा हॅमट्रॅमिक कारखाना हा त्याचा नमुना ठरायचा होता. तिथले रोबो गाड्यांऐवजी एकमेकांवर रंग उडवत असल्याच्या बातम्या छापून आल्या आणि उत्पादन वारंवार अडले. त्याच कंपनीने कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा बंद पडलेला कारखाना १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा चालू केला. कामगार बहुतांशी जुनेच, यंत्रे तुलनेने साधी. पण चूक दिसली की असेंब्ली लाइन थांबवण्याचा अधिकार कामगाराच्या हाती होता. दोन-तीन वर्षांत तिथल्या गाड्यांचा दर्जा जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांपेक्षा सरस ठरला. पुढे हाच कारखाना टेस्लाकडे आला. २०१८ मध्ये नव्या मॉडेलचे उत्पादन रखडले, तेव्हा अतिरेकी ऑटोमेशन ही आपलीच चूक होती, अशी जाहीर कबुली टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांना द्यावी लागली. कारण साधे आहे. भाग किंचित वाकडा आला तर माणूस नकळत मनगट वळवून तो बसवतो. रोबोला तो प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच कोनात लागतो. कामगार दिवसभर अशा किती चुका निस्तरतो हे कुठल्याही कागदावर नसते. ते न विचारता त्याला हटवले, की त्या सगळ्या चुका एकदम उघड्यावर येतात.

टोयोटाला हे भान मोटारींच्या आधी मागावर आले होते. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबे आणि वेग कमी न करता धोटा बदले. त्यामुळे एक कामगार तीस-तीस मागांवर नजर ठेवू शकत होता. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे पेटंट हक्क विकत घेतले. बिघाड होताच यंत्राने आपोआप थांबावे, या तत्त्वाला टोयोटात ‘जिदोका’ म्हणतात. इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावच्या साध्या यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. धागा तुटतो का हे डोळ्यांत तेल घालून पाहत राहणे हे राखणीचे काम आहे, ते यंत्राने घ्यावे. धागा वारंवार का तुटतो, सूत खराब की मागाची जुळणी बिघडलेली, हे ओळखणे कसबाचे काम आहे, ते माणसाकडे राहावे.

यावर पहिला आक्षेप रोजगाराचा, आणि तो खरा आहे. डॅरन असेमोग्लू आणि पास्कुआल रेस्ट्रेपो या अर्थतज्ज्ञांनी १९९० ते २००७ या काळातली अमेरिका तपासली. दर हजार कामगारांमागे एक रोबो वाढला की वेतन सुमारे ०.४ टक्क्याने घसरले आणि रोजगारही घटला, असे त्यांना दिसले. जर्मनीचा अभ्यास वेगळे सांगतो. तिथेही कारखान्यांतल्या नोकऱ्या घटल्या, पण सेवाक्षेत्रात तेवढ्या वाढल्या. कामावर असलेले बहुतेक लोक त्याच कंपनीत दुसऱ्या कामावर गेले, झळ बसली ती नव्याने येणाऱ्या तरुणांना. दोन्ही देशांत रोबो सारखेच होते. फरक होता तो ते कोणत्या व्यवस्थेत आले याचा. जर्मन कारखान्यात कामगारांनी निवडलेल्या समितीला अशा बदलावर बोलण्याचा कायदेशीर हक्क आहे.

दुसरा आक्षेप लघुउद्योजकाचा: माणूस स्वस्त आहे, रोबो महाग. पण सुरुवात रोबोनेच व्हायला हवी असे कुठे आहे? प्रेसला दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणे, हात आत जाताच ठोका रोखणारा प्रकाशपडदा, पत्रा आपोआप पुढे सरकवणारा फीडर, हेही ऑटोमेशनच. यासाठी माणूस कमी करावा लागत नाही, बोटे मात्र वाचतात. माणूस स्वस्त वाटतो, कारण त्याच्या इजेची किंमत कारखान्याच्या वहीत पुरती उतरत नाही. ती त्याच्या घरच्यांना मोजावी लागते.

तिसरा आक्षेप वेगाचा: कामगारांना विचारत बसलो तर स्पर्धक पुढे जाईल. यात मुंबईचा इतिहास दोन्ही बाजूंना बोलतो. १९२८ मध्ये गिरणीमालकांनी दोन साचे (माग) चालवणाऱ्या विणकरावर तीन साचे लादले, कातणाऱ्यांचे कामही वाढवले, आणि सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर गेले. न विचारता केलेल्या बदलाने वेळ वाचला नाही, वर्षाचा हंगाम गेला. मात्र नुसता विरोध करूनही कामगार वाचत नाही. पुढे कित्येक गिरण्या जुन्याच यंत्रांवर रेटल्या गेल्या आणि कापड भिवंडी-इचलकरंजीच्या मागांवर गेले. यंत्र अडवणे आणि यंत्र लादणे, दोन्हींचा शेवट बंद फाटकातच होतो.

कायदा यात थोडासाच उपयोगी पडतो. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरण्याची तरतूद आहे. पण कंत्राटाची मुदत संपून नूतनीकरण झाले नाही, तर ती कायद्याच्या भाषेत कपातच नव्हे. आणि हाताने भरवायच्या यंत्रांवर आज उभा असतो तो बहुधा कंत्राटी कामगारच. म्हणजे रोबो ज्याची जागा आधी घेणार, त्याच्यापर्यंत हा निधी पोहोचतच नाही. ही फट सरकारने बुजवायला हवी.

बाकीचे उत्तर नव्याने शोधायची गरज नाही. १९५७ मध्ये भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी अशा आधुनिकीकरणासाठी एक आदर्श करार मान्य केला होता. असलेल्या कामगारांची कपात किंवा कमाईत घट नाही. फायद्यात मालक, कामगार आणि समाज यांचा न्याय्य वाटा. आणि कामाचा बोजा नीट मोजूनच बदल, असे त्याचे सूत्र. त्या कराराला कायद्याचे बळ मिळाले नाही. रोबोची ऑर्डर देणाऱ्या कारखानदाराने तो कागद आधी वाचावा, आणि मग रोबो पहिल्यांदा प्रेसवर उभा करावा.