मर्दानी खेळ : परिभाषा, अभ्यास व अस्सलपणा

दांडपट्टा २०२४ साली महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून घोषित झाला, आणि आज शिकविली जाणारी पट्ट्याची विद्या कितपत अस्सल, हा जुना वाद पुनश्च पुढे आला. वादी बहुधा शिवकाल हेच प्रमाण धरतात. या विद्येची परिभाषा मात्र निराळी साक्ष देते. ‘आखाडा’ संस्कृत ‘अक्षवाटा’पासून आला, ‘तालीम’ मूळची अरबी, ‘वस्ताद’ व ‘मर्दानी’ फारशी. तेव्हा एकजिनसी मूळ शोधणे निदान भाषेच्या अंगाने तरी व्यर्थ होय.

खरा प्रश्न अभ्यासाचा आहे. पट्ट्याचा खोबळा हात कोपरापर्यंत झाकतो. मनगट जखडते, व वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. म्हणून पायांचे पवित्रे आधी, पाते मागाहून. प्रेक्षकांची वाहवा लिंबू कापण्याला मिळते. पण लिंबू उलट वार करीत नाही! फरीगदग्यात समोर प्रतिस्पर्धी असतो, आणि अंतर व वेळ यांची परीक्षा तेथेच होते. ही जोड सुटली की हालचाली जुन्याच राहतात, परंतु संभाषणावाचून पाठ केलेल्या वाक्यांसारख्या.

विदर्भातील अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. प्रदर्शनाची ओढ, म्हणजे, अलीकडची नव्हे. चंद्रपूर-गडचिरोलीकडील संशोधकाने वस्तादांकडून शब्द टिपताना त्या शब्दासरशी कोणता पाय हलतो, हेही टिपावे.