पवित्र अवशेष (एज ऑफ एम्पायर्स २)

पवित्र अवशेष (खेळातील नाव : रेलिक) ही 'एज ऑफ एम्पायर्स २' या मध्ययुगीन इतिहासावर आधारित रिअल-टाइम स्ट्रॅटेजी संगणकीय खेळातील एक वस्तू आहे. नकाशावर विखुरलेले हे अवशेष भिक्षूंनी उचलून मठात नेऊन ठेवले की खेळाडूच्या खजिन्यात अखंड सोने जमा होऊ लागते. एन्सेम्बल स्टुडिओज या अमेरिकन संस्थेने तयार केलेला हा खेळ मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये प्रकाशित केला. त्याची 'डेफिनिटिव्ह एडिशन' ही नवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. १९९७ च्या मूळ 'एज ऑफ एम्पायर्स'मध्येही गोळा करण्याजोग्या प्राचीन वस्तू होत्या. मात्र त्यांचा उपयोग विजयाची अट पूर्ण करण्यापुरता होता. पावित्र्याला उत्पन्नाची जोड मिळाली ती दुसऱ्या खेळात.

खेळातील नियम

अवशेषांची संख्या नकाशानुसार बदलते. दोन खेळाडूंच्या नेहमीच्या 'अरेबिया' नकाशावर ती पाच असते. सैनिक किंवा गावकरी अवशेषाला हात लावू शकत नाहीत. तो उचलण्याचे काम भिक्षूचे. भिक्षू मठात तयार होतो आणि मठ 'कॅसल एज' या तिसऱ्या युगात पोहोचल्यावरच बांधता येतो. त्यामुळे या युगात आधी पोचणाऱ्या खेळाडूला अवशेषांच्या शर्यतीत आघाडी मिळते. अवशेष घेऊन चाललेल्या भिक्षूला शत्रूचे मतपरिवर्तन करता येत नाही किंवा जखमींवर उपचारही करता येत नाहीत. तो संथ चालतो आणि वाटेत मारला गेला तर अवशेष तिथेच पडून राहतो. मठ उद्ध्वस्त झाल्यास आतले सर्व अवशेष बाहेर येतात व कोणाचाही भिक्षू ते नेऊ शकतो. अवशेष स्वतः मात्र कधीच नष्ट होत नाही. खेळातील जवळपास प्रत्येक वस्तू मोडते, जळते किंवा संपते. हा अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सर्व अवशेष एकाच पक्षाने ताब्यात घेऊन ठरावीक काळ राखले, तर प्रमाणित नियमांनुसार त्या पक्षाचा विजय होतो. प्रत्यक्षात ही वेळ क्वचित येते. अवशेषांसाठी लढाया होतात त्या सोन्यामुळे.

सोन्याचा हिशेब

मठात ठेवलेला एक अवशेष दर दोन सेकंदांना एक, म्हणजे मिनिटाला ३० सोने देतो. भिक्षूची किंमत १०० सोने आहे. एक अवशेष ती ३ मिनिटे २० सेकंदांत भरून काढतो. पाचही अवशेष हाती असल्यास मिनिटाला १५० सोने मिळते आणि एका घोडेस्वार सरदाराला (नाइट) ७५ सोने लागत असल्याने दर मिनिटाला दोन सरदारांच्या सोन्याची सोय होते. त्यांचे धान्य अर्थातच शेतातून आणावे लागते.

हे आकडे खेळाच्या प्रारंभी फारसे मोठे वाटत नाहीत. खाणीवर काम करणारा एक गावकरी जेवढे सोने आणतो, त्याहून थोडेसेच अधिक एका अवशेषातून मिळते. फरक पडतो तो उत्तरार्धात. सोन्याच्या खाणीचा एक ढिगारा ८०० सोने देऊन संपतो, तर एक अवशेष तासाभरात १,८०० सोने देतो आणि पुढेही देत राहतो. खाणी संपल्यावर अनेक मित्रपक्ष असलेल्या सामन्यात व्यापारी गाड्या सोने आणतात. दोघांच्याच सामन्यात त्यांना सहसा वाव नसतो. अशा वेळी बहुतेक संस्कृतींपुढे बाजारात धान्य, लाकूड विकणे आणि अवशेष राखणे एवढेच मार्ग उरतात. बाजारात सतत विक्री केली की भाव पडत जातो. अवशेषाचा भाव पडत नाही. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत गोळा केलेले तीन-चार अवशेष शेवटच्या लढाईचा निकाल ठरवतात तो या कारणाने. नवशिके खेळाडू नेमके येथेच चुकतात. मठावर खर्चलेले १७५ लाकूड त्यांना व्यर्थ वाटते.

काही संस्कृतींना अवशेषांपासून विशेष लाभ होतो. अ‍ॅझ्टेक व त्यांच्या मित्रपक्षांना ३३ टक्के अधिक सोने मिळते. बर्गंडियनांच्या संघाला सोन्याबरोबर धान्यही मिळते. लिथुएनियन घोडेस्वारांची मारकशक्ती प्रत्येक अवशेषामागे एकाने, कमाल चारपर्यंत वाढते. ब्रह्मी संस्कृतीच्या संघाला सर्व अवशेषांची ठिकाणे आरंभीच नकाशावर दिसतात.

युरोपातील पूर्वपीठिका

नियमाची प्रेरणा युरोपच्या मध्ययुगात आहे. ख्रिस्ती संतांची हाडे, वस्त्रे व वापरातील वस्तू ज्या चर्चमध्ये असत, तिथे यात्रेकरूंची रीघ लागे. देणग्या, मेळे व बाजार यांतून चर्च आणि शहर दोन्ही समृद्ध होत. साहजिकच अवशेषांची खरेदी होई, तशीच चोरीही. इ.स. ८२८ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी संत मार्क यांचा देह अलेक्झांड्रियाहून पळवून आणला. फ्रान्सचा राजा नववा लुई याने येशूचा मानला जाणारा काटेरी मुकुट १२३९ मध्ये पॅरिसला आणला. त्यासाठी मोजलेली रक्कम तो ठेवण्यासाठी बांधलेल्या सेंत-शापेल या प्रार्थनामंदिराच्या खर्चाहून अधिक होती, असे सांगितले जाते. खेळातील सोने मात्र यात्रेकरूंवाचून येते. मधली माणसे वगळून पावित्र्य आणि उत्पन्न यांची थेट सांगड घालणे हे या नियमाचे सुलभीकरण होय.

नाशिकची अक्षयनीवी

२०२२ मध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या विस्ताराने हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली व द्रविड अशा चार भारतीय संस्कृती खेळात मांडल्या. त्यांनाही मठ, भिक्षू आणि अवशेष यांचाच नियम लागू आहे. तो इथल्या इतिहासाला कितपत शोभतो, हे महाराष्ट्रातील उदाहरणांवरून तपासता येते.

मठाला मिळणाऱ्या अखंड उत्पन्नाचे अत्यंत स्पष्ट उदाहरण नाशिकच्या पांडवलेणीत कोरलेले आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने क्रमांक १० चे लेणे भिक्षुसंघाला दिले. तेथील शिलालेखानुसार त्याने ३,००० कार्षापण 'अक्षयनीवी' म्हणून, म्हणजे मुद्दल कधीही न मोडण्याच्या अटीवर, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक व १,००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत, असे लेख सांगतो. बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस. हिशेब चोख जुळतो. हे दान निगमसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे नोंदविले गेले. त्याच लेखात ८,००० नारळीच्या झाडांच्या दानाचाही उल्लेख आहे.

येथे धन निर्माण करणारी वस्तू म्हणजे अवशेष नव्हे, ठेव आहे. आणि ती वाढते विणकरांच्या मागावर. खेळाने जे श्रम वगळले, तेच शिलालेखाने नावानिशी नोंदवले आहेत.

सोपारा आणि गोवा

अवशेषपूजा महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. बौद्ध परंपरेत अवशेषाला 'धातू' म्हणतात. लेण्यांतील 'दागोबा' हा शब्द 'धातुगर्भ' यावरूनच आला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा दगडी करंडकात एकात एक ठेवलेल्या डब्या, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि बुद्धांच्या व मैत्रेयाच्या मिळून आठ धातुमूर्ती मिळाल्या. हे सारे स्तूपाच्या पोटात कायमचे बंद करून ठेवलेले होते. उचलून दुसऱ्या मठात नेण्यासाठी ते नव्हते.

अवशेष आणि सोने यांची समोरासमोर गाठ पडली ती गोव्यात. पोर्तुगीज व्हाइसरॉय कॉन्स्टंटिनो द ब्रागांसा याच्या १५६० मधील जाफना मोहिमेत बुद्धाचा म्हणून सांगितला जाणारा एक दात लुटीत मिळाला व तो गोव्यास आणला गेला. पेगूचा राजा बायिन्नौंग याने त्याच्या मोबदल्यात मोठी रक्कम देऊ केली. दिओगो दो कोतो या इतिहासकाराने ती तीन ते चार लाख क्रुझादो अशी दिली आहे. रिकाम्या तिजोरीमुळे अनेक अधिकारी सौद्याला राजी होते. आर्चबिशप गास्पार यांनी विरोध केला आणि १५६१ मध्ये दात उखळात कुटून, जाळून राख नदीत टाकण्यात आली. खरा दात पोर्तुगिजांच्या हाती लागलाच नव्हता, अशी श्रीलंकेतील श्रद्धा असून कँडीच्या दळदा मंदिरात त्याची पूजा आजही चालते. हाच बायिन्नौंग 'एज ऑफ एम्पायर्स २' मधील ब्रह्मी मोहिमेचा नायक आहे, आणि अवशेषांची ठिकाणे आधीच दिसतात ती त्याच्याच संस्कृतीला. खेळात अवशेष अविनाशी असतो. गोव्यात तो अविनाशी ठरला नाही.

न हलणारी दैवते

हिंदू देवस्थानांचे पावित्र्य बहुधा स्थळाला चिकटलेले असते. अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदरा जलाशयाच्या काठी, रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडी येथे असलेले अमृतेश्वराचे शिवमंदिर याचे ठळक उदाहरण आहे. मंदिर शिलाहारकालीन मानले जाते. शिलाहार राजा झंज याने बारा शिवालये बांधल्याचे ताम्रपटांवरून समजते, आणि ती नद्यांच्या उगमांशी उभारली, त्यांतील प्रवरेच्या उगमाजवळचे ते हे, असे लोकपरंपरा मानते. येथील देव उचलून नेता येत नाही, कारण त्याचे माहात्म्य उगमाशी जोडलेले आहे. या प्रवरेवर पुढे ब्रिटिश काळात भंडारदऱ्याचे विल्सन धरण उभे राहिले व १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर खालच्या खोऱ्यातील शेती भिजते.

याला अपवाद आहेत. पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरला नेली गेली होती व संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी वारकरी परंपरा आहे. त्या कथेत मूर्तीबरोबर सोने येत नाही. येते ती वारी.