विश्लेषण: लशीच्या किमतीचा तिढा सोडवण्यात एका ‘थिंक टँक’ची भूमिका काय होती?

न्यूमोकॉकस या जीवाणूमुळे लहान मुलांना न्यूमोनिया होतो आणि त्यात गरीब देशांतील मुले अधिक दगावतात. त्यावरील मुलांची लस अमेरिकेत २००० मध्ये आली. ‘गावी’ या जागतिक लस आघाडीच्या खास योजनेतून ती निकाराग्वाला मिळायला मात्र डिसेंबर २०१० उजाडला. या योजनेचा आराखडा वॉशिंग्टनमधील ‘सेंटर फॉर ग्लोबल डेव्हलपमेंट’ या धोरण संशोधन संस्थेत, म्हणजेच थिंक टँकमध्ये, तयार झाला. या संस्थेकडे ना प्रयोगशाळा होती, ना कारखाना, ना तिजोरी. तरीही हे कसे साधले?

पेच काय होता?

लस बनवण्यासाठी कंपनीला कारखान्यावर आधीच मोठा खर्च करावा लागतो. गरीब देश ती विकत घेतील याची खात्री नसेल, तर कंपनी उत्पादन वाढवत नाही. उत्पादन कमी म्हणून किंमत जास्त आणि किंमत जास्त म्हणून खरेदी नाही, असे हे चक्र होते. अर्थतज्ज्ञ मायकल क्रेमर यांनी त्यावर उपाय मांडला होता. देणगीदारांनी खरेदीची हमी आधीच द्यायची; मात्र ठरलेल्या दर्जाची लस प्रत्यक्ष पुरवली आणि देशांनी ती मागितली, तरच पैसे मोजायचे.

संस्थेने नेमके काय केले?

कल्पना होती, पण करार कसा करायचा हे ठरलेले नव्हते. संस्थेने गेट्स फाउंडेशनच्या अनुदानातून एक कार्यगट नेमला. क्रेमर त्याचे एक सहअध्यक्ष होते. अर्थतज्ज्ञांबरोबर सार्वजनिक आरोग्य, कायदा आणि औषध उद्योग जाणणारी माणसेही त्यात होती. किती किंमत मिळाली तर कंपन्या पुढे येतील? देणगीदार देशाने नंतर शब्द फिरवला तर काय? या प्रश्नांची उत्तरे शोधून २००५ च्या अहवालात कराराचा मसुदाही देण्यात आला. त्यामुळे सरकारांच्या हाती केवळ शिफारस नाही, तर चर्चेला घेता येईल असा दस्तऐवज आला.

कोणी कोणती जबाबदारी घेतली?

इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि गेट्स फाउंडेशन यांनी २००७ मध्ये एकूण १.५ अब्ज डॉलरची हमी दिली. पैशांची व्यवस्था जागतिक बँकेने पाहिली, योजना ‘गावी’ने चालवली आणि खरेदी युनिसेफने केली. सुरुवातीच्या काही डोससाठी कंपन्यांना प्रत्येकी ७ डॉलर आणि नंतर जास्तीत जास्त ३.५० डॉलर, असे सूत्र ठरले. फायझर आणि ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपन्यांनी २०१० मध्ये करार केले.

पुण्याचा संबंध काय?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘पाथ’ या संस्थेबरोबर स्वतःची न्यूमोकॉकल लस विकसित केली. तिला डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. २०२० मध्ये याच योजनेखाली प्रतिडोस २ डॉलर दराने पुरवठ्याचा करार झाला. भारताने न्यूमोकॉकल लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर सरकारी लसीकरणात आणली.

टीका कोणती झाली?

फायझर आणि ग्लॅक्सोस्मिथक्लाइन यांच्या लशी योजनेआधीच जवळपास तयार होत्या. मग त्यांना जादा दर कशासाठी, असा प्रश्न ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ने विचारला. सीरम येईपर्यंत, म्हणजे सुमारे दहा वर्षे, योजनेत दोनच कंपन्या राहिल्या आणि स्पर्धेतून किंमत उतरण्यास उशीर झाला.

यातून काय दिसते?

अशा भागीदारीत थिंक टँकचे भांडवल म्हणजे विश्वास. एकमेकांशी सहसा थेट न बोलणारे पक्ष तिच्या बोलावण्यावरून एकत्र बसतात. म्हणूनच सुरुवातीला कोणाला बोलावले, हे महत्त्वाचे ठरते. बड्या कंपन्यांना काय परवडते एवढ्याच हिशेबावर करार बेतला, तर स्वस्त लस बनवू शकणारे उत्पादक मागे राहतात आणि तो उशीर लशीची वाट पाहणाऱ्या मुलांना भोवतो.