एकाच गिटारीच्या प्रेमात

तार, चुंबक आणि वीज यांचे नाते भुसावळकरांना नव्याने सांगायला नको. रेल्वेची विजेची इंजिने जिथे दुरुस्त होतात, त्या गावात तांब्याच्या तारेची वेटोळी कित्येक घरांत ओळखीची आहेत. इलेक्ट्रिक गिटारही त्याच तत्त्वावर बोलते. पोलादी तार थरथरली की खालच्या चुंबकाचे क्षेत्र हलते, वेटोळ्यात इवलासा प्रवाह उमटतो आणि तोच वाढवून स्पीकरपर्यंत जातो.

मग सगळ्या गिटारी सारख्याच का वाजत नाहीत? १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्ये एकेरी वेटोळी होती. आवाज लखलखीत, पण मांडवातल्या ट्यूबलाइटची घरघरही ती टिपतात. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट वेटोळी जोडली. घरघर परस्पर फिटली, स्वर भरदार झाला, थोडी लकाकी मात्र गेली. पोकळ अंगाची गिटार हळुवार गाण्याला ऊबदार साथ देते. आवाज फार वाढवला, तर माइकसारखी शिट्टी मारते.

ऑर्केस्ट्रातल्या वादकाला मात्र एकाच रात्री भावगीत, लावणी आणि ‘दम मारो दम’ वाजवायचे असते. लाडकी गिटार हाताला सोपी, आणि धोका नेमका तिथेच. बोटे ठरलेल्या वाटेने जातात, कानही तेवढेच मागू लागतात.

नवी घ्यायला पैसे लागतात. मित्राशी एका संध्याकाळपुरती अदलाबदल फुकट होते. तेव्हा वाचकहो, घरातल्या मुलाने दुसऱ्याची गिटार मागून आणली, तर रागावू नका. ती परत केल्यावर स्वतःची गिटारही त्याला नव्याने ऐकू येईल.