कमानपाट्याचा बोल्ट आणि बुश : जीपच्या सस्पेन्शन-सुधारणेचा तांत्रिक विचार

प्रस्तावना : विलीज जीपची जुळणी महिंद्रने १९४७ नंतर मुंबईत सुरू केली. त्या वंशातील एमएम ५४० सारख्या गाड्यांना पुढे व मागे दोन्हीकडे कमानपाटेच होते. २०१० च्या थारमध्ये ते केवळ मागे उरले आणि २०२० च्या थारमध्ये तेथेही गुंडाळीची स्प्रिंग आली. तथापि जुन्या जीप हौशी मंडळी आजही डोंगरवाटांवर चालवितात. दक्षिण महाराष्ट्रात ‘वडाप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रवासी वाहतुकीतही याच जातीच्या गाड्या वर्षानुवर्षे धावल्या. अशा गाडीची दुरुस्ती करताना ‘जरा भक्कम बोल्ट आणि कडक बुश टाका’ असा आग्रह मालक धरतो. या आग्रहात कितपत तथ्य आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कमानपाटा केवळ वजन पेलत नाही, तर एक्सलला त्याच्या जागी धरूनही ठेवतो. त्यामुळे पुढच्या पाट्याचा स्थिर टोकाकडील बोल्ट निसटल्यास एक्सल सरकतो व स्टिअरिंगवरील ताबा जातो. घाटात याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

सांध्याचे कार्य : पाट्याच्या डोळ्यात बसणाऱ्या बुशच्या एका प्रचलित प्रकारात बाहेर व आत पोलादी नळी आणि दोहोंमध्ये पक्के चिकटविलेले रबर असते. बोल्ट आवळला की दोन्ही बाजूंचे पत्रे आतल्या नळीला घट्ट दाबून धरतात. चाक वरखाली होताना नळी फिरत नाही, बोल्टही फिरत नाही. पीळ बसतो तो रबराला. म्हणजे बोल्ट ही बिजागरीची कडी नसून शिकंजा आहे, आणि भार मुख्यतः नळी व पत्रा यांच्यातील घर्षणाने वाहिला जातो. ही बाब ध्यानात न घेतल्यामुळेच पुढील बहुतेक चुका घडतात.

उदाहरणादाखल १२ मिलिमीटर व्यासाचा, ८.८ प्रतीचा बोल्ट घेऊ. पहिला आकडा सुमारे ८०० मेगापास्कल ताणशक्ती दर्शवितो. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० पर्यंत, बोल्ट कायमचा लांबत नाही. सामान्य जाडीच्या आट्यांवर तो सुमारे ८८ न्यूटन-मीटर टॉर्कने आवळल्यास ३६ ते ३७ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास पावणेचार टनांची पकड मिळते. आता त्याजागी १०.९ प्रतीचा बोल्ट बसवून टॉर्क तेवढाच ठेवला, तर पकड तेवढीच राहते! दोन्ही बोल्टांच्या पोलादाची लवचीकता जवळपास सारखीच असते. उच्च प्रतीचा लाभ तो अधिक आवळला तरच, म्हणजे सुमारे १२५ न्यूटन-मीटरवर, पदरी पडतो. हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. आट्यांना ग्रीस लावले की त्याच टॉर्कला पकड सुमारे एक-तृतीयांशाने वाढू शकते आणि बोल्ट नकळत ताणला जातो. महागडा बोल्ट आणून तो अंदाजाने पान्ह्यावर पाय देऊन आवळणे म्हणूनच निरर्थक होय.

प्रतीइतकाच बोल्टचा आकार महत्त्वाचा. डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट बाजारात सहज मिळतो, पण तो येथे चालत नाही. १२ मिलिमीटरच्या गुळगुळीत दांड्याचे क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर असते, तर आट्यांच्या भागाचे परिणामी क्षेत्रफळ ८४. शिवाय पकड ढिली पडताच आटे कानशीसारखे पत्र्याचे भोक खातात. चकाकणाऱ्या स्टेनलेस बोल्टचा मोहही अनाठायी आहे. सर्रास मिळणारा ए२-७० प्रतीचा बोल्ट गंजत नाही हे खरे. परंतु ४५० मेगापास्कलपाशीच तो कायमचा लांबू लागतो, म्हणजे तो ८.८ पेक्षाही दुबळा ठरतो.

बुशची निवड : रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश बसविण्याकडे अलीकडे कल दिसतो. शोअर ए मापावर रबर साधारण साठीच्या आसपास, तर पॉलियुरेथेन ऐंशी ते पंचाण्णवपर्यंत असते. सपाट रस्त्यावर गाडी त्यामुळे नेमकी वळते. दगडधोंड्यांत मात्र एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की पाट्याला लांबीभोवती पीळ पडतो. रबर तो पीळ पोटात घेते. कडक बुश तो नाकारतो आणि पाट्याच्या डोळ्याकडे व चासीवरील ब्रॅकेटकडे ढकलतो. शंभर-दोनशे रुपयांचे रबर झिजण्याऐवजी ब्रॅकेटच्या वेल्डिंगला चीर जाणे, हा सौदा खडकाळ वाटेवर तोट्याचाच आहे. पॉलियुरेथेन नळीला चिकटविलेले नसते, ते नळीवर फिरते. त्यामुळे त्यास जलरोधक सिलिकॉन ग्रीस लागते, अन्यथा ते कुरकुरते. कोकणच्या पावसात पॉलिएस्टर जातीपेक्षा पॉलिइथर जातीचे पॉलियुरेथेन अधिक टिकते.

रबराचा खरा शत्रू वेगळाच आहे. पाटे कुरकुरू नयेत म्हणून त्यांवर जळके ऑइल मारण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते. पाट्यांचा आवाज थांबतो आणि बुश मात्र काही काळात निकामी होतात.

जोडणी : गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर चाके जमिनीवर टेकताच चिकटविलेल्या रबराला कायमचा पीळ बसतो व ते अकाली फाटते. म्हणून प्रथम बोल्ट हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवून थोडी हलवावी आणि मगच टॉर्क पान्ह्याने अखेरचा आवळ द्यावा. पत्र्यावरील रंगाचा जाड थर दबला की पकड कमी होते. यास्तव संपर्काच्या जागी तो खरवडून काढणे आणि काहीशे किलोमीटरनंतर आवळ पुन्हा तपासणे इष्ट. नायलॉनचे कडे असलेला लॉकनट दुसऱ्यांदा वापरू नये.

नट सुटू नये म्हणून त्यास वेल्डिंगचा टाका मारणारे मिस्त्री आढळतात. १०.९ प्रतीच्या पोलादाला त्याचे बळ उष्णोपचाराने प्राप्त झालेले असते. वेल्डिंगची उष्णता ते तेथेच घालविते. नट सुटत असेल तर बहुधा भोक लंबगोल झालेले असते. अशा भोकात नवा बोल्टही पुन्हा ढिला होणारच. त्यावर उपाय म्हणजे ब्रॅकेट बदलणे, अथवा कुशल कारागिराकडून भोक भरून घेऊन, किंवा जाड वॉशर वेल्ड करवून, ते मूळ मापाने पुन्हा पाडून घेणे. आणि हे काम बोल्ट बाहेर काढूनच करावयाचे असते.