कोंबड्याचं रेत आणि अंड्यातला पहारेकरी

गायी-म्हशींचं कृत्रिम रेतन आपल्या वऱ्हाडात कुणाला नवं नाही. पण कोंबड्यांनाही कृत्रिम रेतन करतात असं सांगितलं, की माझे कवीमित्र हसतात. ‘तुम्ही गझलेचं बोला,’ म्हणतात. मात्र अमरावती-अकोल्याकडे कोंबडीपालनावर किती घरं चालतात, हे आठवलं की हसू मावळतं.

१९३०च्या दशकात अमेरिकेत बरोज आणि क्विन यांनी कोंबड्याच्या पोटावर हलकेच चोळून रेत काढण्याची पद्धत बसवली. एका वेळी मिळतं अर्धा मिलिलिटर किंवा त्याहून कमी. पण त्यात अब्जावधी शुक्राणू. द्रावणात पातळ केलं, की एका कोंबड्याचं रेत अनेक कोंबड्यांना पुरतं. ते काही तास ठेवायचं असेल, तर चार-पाच अंश सेल्सिअसवर थंड ठेवतात.

अडचण अशी, की कोंबड्याची विष्ठा आणि रेत एकाच वाटेनं बाहेर येतात. साहजिकच रेतात जिवाणू शिरतात. थंडीनं त्यांची वाढ मंदावते. ते मरत नाहीत. शुक्राणूंची हालचाल मात्र ते कमी करतात. म्हणून द्रावणात पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन अशी प्रतिजैविकं घालण्याची रीत पडली.

इथंच धोका आहे. औषधाला पुरून उरलेले जिवाणू वाढतात आणि तेच पुढं पसरतात. पेनिसिलिनचे जनक फ्लेमिंग यांनी हा इशारा १९४५ सालीच दिला होता. उद्या आपलं लेकरू दवाखान्यात असेल आणि औषध लागू पडणार नाही, तेव्हा दोष कुणाला देणार? कोलिस्टिन हे माणसाच्या अखेरच्या उपायांपैकी एक औषध. पशुपक्ष्यांसाठी त्याचा वापर भारत सरकारनं जुलै २०१९मध्ये बंद केला, तो याच भीतीनं.

मग पर्याय काय? संशोधक वनस्पतींचे अर्क, सुगंधी तेलं, मध आणि जिवाणूंना मारणारी लहान प्रथिनं तपासत आहेत. कोंबड्याच्या शुक्राणूचं आवरण नाजूक स्निग्धाम्लांचं असतं. प्राणवायूच्या माऱ्यानं ते लवकर खराब होतं. रोझमेरीसारख्या वनस्पतींचे अर्क हा मारा थोपवतात, म्हणजे एका घासात दोन कामं. आणखी एक पहारेकरी तर अंड्यातच बसला आहे. पांढऱ्या बलकात लायसोझाइम असतं. ते जिवाणूची भिंत फोडतं. पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी, १९२२ साली, तेही फ्लेमिंग यांनीच ओळखलं होतं.

पण ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, असं समजू नका. लायसोझाइम ई. कोलाय, साल्मोनेला यांच्यापुढं एकटं कमी पडतं, कारण त्यांच्या भिंतीवर आणखी एक आवरण असतं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सुगंधी तेलाची मात्रा जराशी वाढली, की जिवाणूंबरोबर शुक्राणूही मरतात. म्हणून आजीच्या बटव्यातली पूड उचलून द्रावणात टाकू नये. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. तिथल्या जाणकारांना विचारावं.

तोवर बिनखर्चाचा उपाय हाताशी आहे. रेत काढण्याआधी कोंबड्याला काही तास उपाशी ठेवावं, गुदद्वाराजवळची पिसं कातरावीत, हात आणि भांडी स्वच्छ असावीत, विष्ठा मिसळलेलं रेत फेकून द्यावं आणि चांगलं रेत शक्यतो ताजंच वापरावं. जिवाणू आतच कमी गेले, तर त्यांना मारायला औषधही कमी लागेल.